सगळा जॉबच जोड आहे

डी.पी. टेस्टच्या, म्हणजे रंग मुरवून वेल्डमधला तडा शोधायच्या चाचणीच्या, शेवटच्या पाच मिनिटांत शॉपमध्ये कोणी फारसं बोलत नाही. वेल्ड घासून साफ केलेलं असतं, त्यावर लाल पेनिट्रंट मारून दहा-पंधरा मिनिटं मुरू दिलेलं असतं, वरवरचं कापडानं पुसून घेतलेलं असतं. मग पांढऱ्या डेव्हलपरचा पातळ फवारा बसतो आणि जोड चुना लावल्यासारखा पांढरा होतो. सगळे वाकून बघत राहतात. वेल्ड चांगलं असेल तर तो पांढराच राहतो. तडा असेल तर आधी एक गुलाबी ठिपका उमटतो, शेजारी दुसरा, आणि बघता बघता कुंकवाच्या काडीनं ओढावी तशी बारीक लाल रेघ वर येते. ज्यानं तो जोड मारला त्या वेल्डरला काही सांगावं लागत नाही. तो ग्राइंडर आणायला वळलेला असतो.

भोसरीच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये माझी वीस-बावीस वर्षं या लाल रेघेच्या मागे गेली. आता गेली काही वर्षं थ्री-डी प्रिंट केलेले धातूचे जॉबही, म्हणजे सुटे भागही, तपासायला येतात. पहिला आला तो तळहाताएवढा ब्रॅकेट होता. सवयीनं लाल मारलं, पुसलं, पांढरं मारलं. सगळा जॉबच गुलाबी झाला. प्रिंट केलेला पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत असतो, अर्धवट वितळलेले पावडरचे कण त्याला चिकटून असतात, आणि लाल रंग अशा प्रत्येक खाचेत अडकून बसतो. त्या गुलाबी धुक्यात खरा तडा असता तरी मला दिसला नसता. जॉब घेऊन आलेला तरुण इंजिनिअर मला समजावत म्हणाला, "सर, यात एकही वेल्ड नाही. सिंगल पीस आहे. क्रॅक येईल कुठून?"

हे वाक्य त्याचं एकट्याचं नाही. कॉलेजातल्या सेमिनारमध्ये, मशीन विकणाऱ्यांच्या सादरीकरणात, वर्तमानपत्रांच्या बातम्यांत ते वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येतं. धातूचं प्रिंटिंग म्हणजे जोडांपासून सुटका, असा समज आपल्याकडे पक्का होत चालला आहे. तो चुकीचा आहे आणि महागात पडणारा आहे. लेझरनं धातू प्रिंट करणं म्हणजे वेल्डिंगच. म्हणून या संशोधनावर जनतेचा पैसा खर्च होणार असेल, तर मशीनच्या आधी तडा-चाचणीची सोय उभी राहिली पाहिजे, आणि तडकलेल्या तुकड्यांच्या नोंदी सगळ्यांना पाहता आल्या पाहिजेत. माझं म्हणणं एवढंच आहे, पण त्यामागची कारणं नीट मांडायला हवीत.

मशीनच्या आत काय चालतं ते पाहू. १५ ते ४५ मायक्रॉनच्या धातूच्या पावडरचा पातळ थर पसरला जातो. त्यावरून लेझरचा किरण फिरतो. ठिपका केसाच्या जाडीएवढा, वेग सेकंदाला साधारण एक मीटर. किरण जिथून जातो तिथली पावडर वितळते, तिच्या खालचे आधीचे दोन-तीन थरही पुन्हा वितळतात, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं गोठतं. शेजारी दुसरी ओळ, मग तिसरी. प्लेट खाली सरकते, नवा थर येतो. आता साधा हिशेब करा. थर ४० मायक्रॉनचा आणि दोन ओळींमधलं अंतर १०० मायक्रॉन धरलं, तर एक घन सेंटिमीटर धातू बनवायला २५० मीटर लांबीची ओळ मारावी लागते. सुपारीएवढ्या तुकड्यात पाव किलोमीटर वेल्ड! निकेलच्या मिश्रधातूचा दोन किलोचा जॉब घेतला तर हा आकडा साठ किलोमीटरच्या वर जातो. लोकल पुण्याहून लोणावळ्याला जाते जवळपास तेवढं अंतर. हे सगळं वेल्ड एका जॉबमध्ये घडी घालून बसवलेलं असतं, आणि त्यातल्या कुठल्याही मिलिमीटरवर तडा जाऊ शकतो.

इस्रोनं ९ मे २०२४ रोजी पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं प्रिंट केलेलं इंजिन ६६५ सेकंद चालवून दाखवलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. चौदा भागांचा एक भाग झाला होता, १९ वेल्ड जोड कमी झाले होते आणि ५६५ किलो फोर्जिंग (दाबून घडवलेला धातू) व पत्र्याच्या जागी १३.७ किलो पावडरवर काम भागलं होतं. त्याच महिन्याच्या ३० तारखेला चेन्नईच्या अग्निकुल या खासगी कंपनीनं एकसंध प्रिंट केलेल्या इंजिनावर श्रीहरिकोट्याहून आपलं यान सोडलं. ही मोठी कामं आहेत आणि ती करणाऱ्यांना धातूशास्त्र शिकवायची माझी पात्रता नाही. अवकाशाची कामं करणारे लोक नवं इंजिन आधी स्टँडवर बांधून पेटवून बघतात. माझी काळजी त्यांच्या मागून येणाऱ्यांची आहे. '१९ वेल्ड कमी झाले' ही बातमी वाचून जे मशीन घेतील, त्यांना हे कोणी सांगितलेलं नसेल की कमी झाले ते डोळ्यांना दिसणारे, हाताला लागणारे, एक्स-रे काढता येणारे १९ जोड. त्यांच्या जागी आले ते न दिसणारे लाखो.

'सिंगल पीस' या शब्दाचं वेल्डिंगवाल्यांना जे भय वाटतं त्याला इतिहास आहे. १६ जानेवारी १९४३ ला अमेरिकेत ओरेगनमधल्या पोर्टलँडच्या गोदीत 'स्केनेक्टडी' नावाचं तेलवाहू जहाज उभं होतं. नुकतीच चाचणी फेरी करून आलेलं, नवंकोरं. पाणी शांत होतं. रात्री प्रचंड आवाज होऊन ते मधोमध फाटलं आणि मैलभर लोकांनी तो आवाज ऐकला. युद्धाच्या घाईत रिव्हेट सोडून जहाजं वेल्ड करायला सुरुवात झाली होती. स्टील थंडीत कसं ठिसूळ होतं ते पुढे केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवलं, म्हणजे दोष सगळा वेल्डचा नव्हता. पण एक गोष्ट मात्र वेल्डिंगमुळेच झाली होती. रिव्हेटच्या जहाजात तडा एका पत्र्याच्या कडेला येऊन थांबायचा, कारण पुढचा पत्रा वेगळा. वेल्ड केलेलं जहाज एकसंध. तड्याला थांबायला जागाच उरली नव्हती.

दुसरी गोष्ट मला जास्त छळते. २७ मार्च १९८० ला उत्तर समुद्रात 'अलेक्झांडर किलंड' हा तरंगता प्लॅटफॉर्म वादळात उलटला. २१२ माणसं होती, १२३ गेली. तपासात सापडलं ते असं: पाच पायांच्या त्या अवाढव्य सांगाड्यातल्या एका नळीवर हायड्रोफोन (पाण्याखालचा आवाज टिपणारं उपकरण) बसवायला एक छोटा तुकडा जोडला होता. फिलेट वेल्ड, म्हणजे कोपऱ्यात मारलेलं, अवघं ६ मिलिमीटरचं. भार घेणारं वेल्ड नव्हतं ते, नुसतं उपकरण धरून ठेवणारं. त्याला तडा गेला होता, तो नळीत शिरला, लाटांच्या प्रत्येक धक्क्याला थोडा थोडा वाढत गेला आणि शेवटी नळीच तुटली. तुटलेल्या पृष्ठभागावर, तड्याच्या आत, रंग सापडला. प्लॅटफॉर्म रंगवला तेव्हाच तो तडा तिथे होता, गोदीतून बाहेर पडायच्याही आधी. कोणी तरी ब्रशनं त्यावरून हात फिरवला होता.

अशा अपघातांची आणि त्यांच्याआधी शॉपमध्ये वाया गेलेल्या हजारो जॉबची किंमत मोजून वेल्डिंगवाल्यांनी तडा-चाचण्या उभ्या केल्या. त्यांचं तत्त्व साधं आहे. खरा जॉब तडकायची वाट बघू नका, आधी छोट्या तुकड्याला मुद्दाम छळा आणि तो किती सोसतो ते मोजा. माशाच्या काट्यासारख्या खाचा पाडलेली हौल्डक्रॉफ्टची पट्टी आहे, जपानी लोकांचा वाय आकाराच्या खाचेचा तेक्केन तुकडा आहे. मला सगळ्यांत देखणी वाटते ती वॅरेस्ट्रेंट. अमेरिकेतल्या रेन्सेलर पॉलिटेक्निकमध्ये वॉरन सॅव्हेज आणि कार्ल लंडिन यांनी १९६५ मध्ये ती मांडली. एक पट्टी एका टोकाला घट्ट पकडायची, टिगचा (टंगस्टनच्या टोकानं करायच्या वेल्डिंगचा) आर्क तिच्या लांबीवरून चालवायचा आणि आर्क ठरलेल्या जागी आला की दुसरं टोक झटक्यात खाली ओढून पट्टी एका गोलाईच्या ठोकळ्यावर वाकवायची. ठोकळ्याची त्रिज्या ठरवते की गोठत असलेल्या धातूला किती ताण बसला. पट्टी ६ मिलिमीटरची आणि त्रिज्या १०० मिलिमीटरची असेल तर ३ टक्के. मग सूक्ष्मदर्शकाखाली वेल्डच्या कडेला बारीक तडे पंख्याच्या काड्यांसारखे पसरलेले दिसतात. त्यांची लांबी मोजायची. सगळ्यांत लांब तडा सांगतो की हा मिश्रधातू किती अंशांच्या टापूत कमजोर असतो. कोणाचंही मत नको, वेल्डरच्या हाताची कमाल नको, सरळ आकडा.

हा तडा मुळात का जातो तेही सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. धातू एका क्षणात गोठत नाही. आधी दाणे घट्ट होतात आणि त्यांच्या मधल्या फटींत शेवटचा द्रव पातळ पापुद्र्यासारखा राहतो. विटा बसल्या आहेत पण मधला माल अजून ओला आहे, अशी भिंत समजा. गोठताना धातू आकसतो, ॲल्युमिनियम तर साधारण सहा टक्के, आणि चारी बाजूंचा थंड धातू त्याला आकसू देत नाही. ओली भिंत दोन्हीकडून ओढली जाते. फट भरायला द्रव पोचला तर निभावलं. नाही पोचला तर तडा. ज्या मिश्रधातूला पूर्ण गोठायला जास्त अंश उतरावं लागतं, तो या धोक्यात जास्त वेळ असतो. विमानात बसणाऱ्यांना ७०७५ हे ॲल्युमिनियम ओळखीचं नसेल, पण ते त्यावर भरवसा ठेवून उडतात. ते ६३५ अंशांना गोठायला लागतं आणि ४७७ ला संपतं. दीडशे अंशांहून मोठा टापू. म्हणून वेल्डर त्याला हात लावत नाहीत, आणि खिडकीतून पंखाकडे पाहिलं तर आजही रिव्हेटच्या रांगा दिसतात, त्यामागचं एक कारण हेही आहे.

आता प्रिंटिंगच्या दुनियेत काय झालं ते बघा. जगभर जे मिश्रधातू प्रिंट होऊन चालले त्यांची यादी काढली, तर ती वेल्डरनं लिहिल्यासारखी वाटते. स्टेनलेस ३१६एल, टायटॅनियम ६-४, निकेलचे इन्कोनेल ६२५ आणि ७१८, कोबाल्ट-क्रोम. ॲल्युमिनियममध्ये दहा टक्के सिलिकॉनवालं, म्हणजे जे ओतकामवाल्यांचं जुनं लाडकं. इन्कोनेल ७१८ हे इंटरनॅशनल निकेल कंपनीच्या हर्बर्ट आयसेलस्टाइन यांनी १९६० च्या आसपास पुढे आणलं आणि ते गाजलं ते मुख्यतः वेल्ड करून भट्टीत घातल्यावर तडकत नाही म्हणून. त्यातल्या निओबियममुळे कडकपणा सावकाश येतो आणि तोवर ताण सैल होतो. उलट ज्यांत ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम जास्त, ते टर्बाइनच्या पात्यांचे निकेल मिश्रधातू, उदाहरणार्थ ७३८ किंवा सीएम२४७, वेल्डिंगवाल्यांच्या आलेखात कधीपासून 'हात लावू नका' या रेषेच्या पलीकडे आहेत. प्रिंटरमध्येही ते तडकले. ७०७५ प्रिंटरमध्ये घातलं, तेही तडकलं. ज्यांनी लाखो रुपयांची पावडर आणि वर्षं घालवून हे शोधून काढलं, त्यांना खालच्या मजल्यावरच्या वेल्डिंग प्रयोगशाळेत अर्धा तास बसून ते कळलं असतं.

याच ७०७५ ची पुढची गोष्ट वेल्डिंगचं ज्ञान कामी कसं येतं ते दाखवते. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एचआरएल प्रयोगशाळेच्या लोकांनी ७०७५ च्या पावडरच्या कणांवर झिर्कोनियमचे अतिसूक्ष्म कण चिकटवले. वितळलेल्या धातूत त्यातून असे बीजकण तयार झाले की ज्यांवर ॲल्युमिनियमचे दाणे एकाच वेळी हजारो जागी सुरू झाले. लांबलचक खांबांसारखे दाणे वाढण्याऐवजी बारीक गोलसर दाणे आले. बारीक दाण्यांमधला द्रव सरकू शकतो, ताण वाटून घेतला जातो, तडा जात नाही. दाणे बारीक केले की गरम तडा, म्हणजे गोठताना जाणारा तडा, कमी होतो, ही ओतकाम आणि वेल्डिंगमधली कित्येक दशकांची समज. त्यांनी ती लेझरच्या वेगाला लागू करून दाखवली. जुना प्रश्न नीट विचारला म्हणून नवं उत्तर निघालं.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी प्रश्न कसा विचारला जातो? दहा मिलिमीटरचे चौकोनी ठोकळे प्रिंट करायचे. प्रत्येकाला लेझरची ताकद आणि वेग वेगळा. ठोकळा कापायचा, बेकेलाइटच्या वडीत बसवायचा (याला माउंट करणं म्हणतात), पॉलिश करायचा, तडे मोजायचे. ज्या ठोकळ्यात सगळ्यांत कमी तडे त्याचे आकडे शोधनिबंधात. ही पद्धत टाकाऊ नाही, मीही तशीच सुरुवात करीन. पण तिथेच थांबणं धोक्याचं आहे. सुटा, छोटा ठोकळा फारसा जखडलेला नसतो. तेच आकडे घेऊन जाड-पातळ भिंतींचा, आत पाण्याच्या वाटा असलेला, प्लेटला सपोर्टनं बांधलेला मोठा जॉब प्रिंट केला की ताण कित्येक पट वाढतो आणि ठोकळ्यात न दिसलेला तडा कोपऱ्यात उगवतो. शिवाय एका प्रयोगशाळेचा ठोकळा दुसरीच्या ठोकळ्याशी ताडून बघता येत नाही. मशीन वेगळं, लेझर फिरवायची पद्धत वेगळी, प्लेट तापवलेली की थंड ते वेगळं. पावडरचंही तेच. हॅस्टेलॉय एक्स या निकेल मिश्रधातूत सिलिकॉन एक टक्क्यापर्यंत चालतं असं मानक सांगतं. म्हणजे ०.२ टक्केवाली पावडर पास आणि ०.६ वालीही पास, सर्टिफिकेट दोघींचं स्वच्छ. लेझरखाली मात्र त्या दोघी सारख्या वागत नाहीत.

एका संस्थेत मी एकदा एका संशोधक मुलीचा ड्रॉवर पाहिला होता. ओळीनं लावलेले माउंट, प्रत्येकावर कोरलेला नंबर, ऐंशीच्या वर ठोकळे. निबंधात बारा आले होते, चांगले निघालेले. उरलेले तडकलेले होते. तिला त्यातला प्रत्येक पाठ होता. हा ओलसर पावडरचा, हा जाड थराचा, हा सगळं बरोबर असून तडकला आणि का ते कळलं नाही. दोन वर्षांनी गेलो तेव्हा ती नोकरीला लागून गेली होती आणि ड्रॉवरमध्ये दुसऱ्याचं सामान होतं. त्या माउंटांचं काय झालं असं विचारलं, तर कोणाला माहीत नव्हतं. मला ते फार लागलं. पुढचा विद्यार्थी तीच पावडर घेऊन तेच ऐंशी ठोकळे पुन्हा तडकवणार, पुन्हा त्याच पैशानं, आणि ते पैसे तुमच्या-माझ्या करातून आलेले.

लेझरचं काम करणाऱ्या मंडळींचा एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. ते म्हणतात, तुमची वॅरेस्ट्रेंट टिगच्या वेगाची. आर्क वेल्ड सेकंदाला काहीशे अंशांनी थंड होतं, आमचा धातू लाख ते दहा लाख अंशांनी. त्या वेगाला दाण्यांची रचना बदलते, घटक कुठे साठतात ते बदलतं, तुमचे आकडे इथे लागू पडत नाहीत. हे खरं आहे. स्टेनलेसचंच उदाहरण घ्या. वेल्डमध्ये थोडं फेराइट (लोखंडाची एक स्फटिकरचना) राहील अशी घडण ठेवली की गरम तडा जात नाही, हा नियम आम्ही घटकांवरून वेल्डची रचना सांगणाऱ्या १९४९ च्या शेफलर आकृतीवरून शिकलो आणि आयुष्यभर त्यावर चाललो. पण पल्स लेझरनं वेल्ड केलं की गोठण्याची तऱ्हाच पालटू शकते. आकृतीप्रमाणे सुरक्षित असलेलं स्टेनलेस तडकलेलं आढळलं आहे. मग यातून काय निघतं? जुनी चाचणी सोडून द्या, हे नव्हे. लेझरच्या वेगाला तीच शिस्त उभी करा, हे निघतं. वाकवायच्या पट्टीवर आर्कऐवजी लेझर चालवता येतो. प्रिंटरच्या प्लेटवर मुद्दाम जखडून टाकणारा, ठरलेल्या मापाचा तुकडा प्रिंट करता येतो. विस्कॉन्सिनचे सिंडो कौ किंवा लोझानचे रॅपाझ आणि त्यांचे सहकारी यांनी मिश्रधातूच्या रचनेवरून तड्याचा कल काढायची गणितं मांडली आहेत, ती आधी चालवून पाहता येतात. आज उणीव आहे ती सगळ्यांनी एकाच तुकड्यावर मोजायचं, या ठरावाची.

आणि काही तडे तर तपासूनही सापडत नाहीत, हे लोकांपर्यंत पोचलेलं नाही. 'सी.टी. स्कॅन करून घेऊ' असं सहज म्हटलं जातं. मोठ्या जॉबच्या स्कॅनमध्ये पोकळी दिसते. पण घट्ट मिटलेला, काही मायक्रॉन रुंदीचा तडा निसटतो. मग गरम दाबाच्या भट्टीत टाकू, आतले तडे मिटतील, म्हणतात. आतले मिटतातही. पृष्ठभागापर्यंत आलेले मिटत नाहीत, कारण दाबाचा वायू त्यांच्यात शिरतो. म्हणून तडा शोधण्यापेक्षा, तडा जाणार नाही असा मिश्रधातू आणि अशी रीत आधीच ठरवणं हाच खात्रीचा मार्ग उरतो, आणि त्यासाठी चाचणीच लागते.

केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२२ मध्ये ॲडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंगचं, म्हणजे थ्री-डी प्रिंटिंगसारख्या थरावर थर रचून वस्तू बनवण्याचं, राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. ५० देशी तंत्रज्ञानं, १०० स्टार्टअप, ५०० उत्पादनं, जगाच्या बाजारात ५ टक्के वाटा. उद्दिष्टं म्हणून मला ती मान्य आहेत. पण यंत्रं किती घेतली, उत्पादनं किती निघाली हे मोजणं सोपं असतं आणि जे सोपं तेच मोजलं जातं. मला वाटतं, सार्वजनिक पैशातून मेटल प्रिंटर घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला मंजुरीच्या कागदातच तीन गोष्टी बांधून द्याव्यात. यंत्राच्या किमतीचा ठरावीक हिस्सा चाचणीच्या बेंचवर आणि धातूच्या सूक्ष्म तपासणीवर खर्च झालाच पाहिजे. प्रत्येक नव्या पावडरची ठरलेल्या जखडलेल्या तुकड्यावर चाचणी झाल्याशिवाय 'प्रिंट होतं' असं जाहीर करू नये. आणि तडकलेल्या तुकड्यांची नोंद, पावडरच्या पूर्ण रासायनिक विश्लेषणासह, अहवालात आलीच पाहिजे. बोरॉन, सिलिकॉन, झिर्कोनियम असे जे घटक 'मर्यादेत' एवढ्या एका शब्दाखाली झाकले जातात, त्यांचे खरे आकडे त्यात हवेत.

वेल्डिंगची माणसं आपल्याकडे नाहीत असं नाही. तिरुचिरापल्लीची वेल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूट १९७५ पासून आहे. आयटीआयमधून शिकून बाहेर पडलेला चांगला टिग वेल्डर स्टेनलेसच्या क्रेटरकडे (आर्क थांबतो तिथल्या खळग्याकडे) नुसता पाहून सांगतो की इथे तडा येणार, आर्क जरा सावकाश सोडायला हवा होता. प्रिंटरच्या खोलीत मात्र यातलं कोणी सहसा दिसत नाही. तिथे डिझाइनचे लोक असतात, लेझरचे असतात, सॉफ्टवेअरचे असतात. ते हुशार आहेत, कष्टाळू आहेत. ज्यानं वितळलेला धातू रोज डोळ्यांनी पाहिला आहे त्याला त्यांच्या शेजारी एक खुर्ची द्या, एवढंच मागणं आहे.

कंपन्या म्हणतील, तडे उघड केले तर आमचं गुपित फुटेल. लेझरचे नेमके आकडे, जॉबचं ड्रॉइंग, ग्राहकाचं नाव हे त्यांनी जरूर झाकून ठेवावं. पण अमुक पावडर अमुक ताणाला तडकली ही माहिती म्हणजे कोणाची मालमत्ता नव्हे, धातूचा स्वभाव आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनं, निस्टनं, २०१८ पासून प्रिंट केलेल्या ठरावीक तुकड्यांची मोजमापं अशी मांडली की जगातल्या कोणत्याही गटानं आधी आपला अंदाज पाठवावा आणि मग खरं मोजमाप सगळ्यांसमोर खुलं व्हावं. तिथल्या उद्योगाचं त्यानं काही बिघडलं नाही. वेल्डिंगचंही ज्ञान असंच वाढलं. स्टील वेल्ड करताना तडकायचा धोका घटकांवरून सांगणारं कार्बन इक्विव्हॅलंटचं सूत्र आज कुठल्याही शॉपच्या भिंतीवर चिकटवलेलं सापडतं, ते कोणी तरी आपले तडकलेले जोड जगाला दाखवले म्हणूनच.

सुरुवात कुठून करावी असं कोणी विचारलं, तर मी पुण्याच्या आसपासच बोट ठेवीन. इथे ॲल्युमिनियम डाय कास्टिंगचं, म्हणजे वितळलेला धातू डायमध्ये (पोलादी साच्यात) दाबून भरायचं, काम मोठं आहे. डायच्या इन्सर्टमध्ये (आत बसवायच्या तुकड्यात) पाण्याच्या वाटा जॉबच्या आकाराप्रमाणे वळवून प्रिंट केल्या तर डाय भराभर थंड होते, वेळ वाचतो, म्हणून या कामाला प्रिंटिंगची खरी गरज आहे. पण डायवाल्यांचं नेहमीचं स्टील एच-१३. त्यात ०.४ टक्के कार्बन. ते लेझरखाली गोठताच कडक होतं आणि प्लेट तापवली नाही तर तडकतं. जाड स्टील वेल्ड करण्याआधी आम्ही गॅसनं तापवून थर्मल चॉकनं (ठरलेल्या तापमानाला वितळणाऱ्या खडूनं) रेघ ओढून बघतो, रॉड ओव्हनमधून गरम काढतो, त्याच भीतीपोटी. म्हणून लोक मारेजिंग स्टीलकडे वळले. त्यात कार्बन नगण्य, म्हणून ते नीट प्रिंट होतं. पण त्यातल्या निकेल आणि कोबाल्टमुळे ते महाग आहे, आणि डायच्या तापमानाला ते मऊ पडत जातं. एच-१३ कोणत्या तापमानाच्या प्लेटवर, कोणत्या पावडरनं, किती जखडलेल्या आकारापर्यंत तडा न जाता प्रिंट होतं, याचा एक विश्वासार्ह तक्ता मराठीत आणि इंग्रजीत खुला मिळाला, तर भोसरी-चाकणमधला वीस माणसांचा टूलरूमवालाही तो भिंतीवर लावील. आज त्याला मशीन विकणाऱ्याच्या शब्दावर चालावं लागतं. आणि इन्सर्टच्या आत, पाण्याच्या वाटेपासून काही मिलिमीटरवर, तडा असला तर तो त्याला कळतो तो साडेसहाशे-सातशे अंशांचा वितळलेला धातू डायमध्ये असताना. समोर ऑपरेटर उभा असतो.